गोल चेहऱ्याने काय काय घालू नये, ते एकदा सांगूनच टाका

तापीकाठची (भुसावळ)
काल गटात कुणीतरी तक्ता टाकला. सहा चेहरे, खाली सहा हुकूम. गोल चेहऱ्याने गोल चष्मा लावू नये, मधोमध भांग पाडू नये, गळ्यालगत दागिना घालू नये. लंबगोलवाल्यांना मात्र सगळं शोभतं म्हणे. बाकी पाच जणींनी काय, घुंगट घ्यायचा?

मला एका स्थळाने ‘पोरगीनं तोंड वाटोळं शे’ म्हणून नाकारलं होतं, त्यामुळे हा विषय निघाला की माझं डोकं फिरतंच. तरी दोन वर्षांपूर्वी असलाच तक्ता वाचून मोठी चौकोनी फ्रेम घेतली. माझा नंबर मायनस साडेसहा. मायनसची काच मधे पातळ, कडेला जाड, आणि फ्रेम जितकी मोठी तितकी कड जाड. समोरच्याला त्या काचेतून माझा गाल आत ओढल्यासारखा दिसायचा. त्यात मे महिना, पारा 45 ला टेकलेला, घामाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी झोक्यावर बसले, तर दुसऱ्याच हेलकाव्याला चष्मा अंगणात आणि त्यावर वहिनीचा पाय! आता छोटी, गोलसर फ्रेम आहे. जागची हलत नाही. तक्त्यात नाक नाही, नंबर नाही, ऊन नाही.

कात्री-कंगवा (धुळे)
ताई, तक्ता मीच टाकला होता. बारा वर्षं पार्लर चालवते. चष्मा नंबर न विचारता घेतला ही तुमची चूक, तक्त्याची नाही. बायका आधी मोजतच नाहीत, सेल्फी बघून ‘मी गोल’ म्हणतात. फोन तोंडाजवळ धरला की नाक मोठं दिसतं आणि कान मागे लपतात. त्यावरून काय कळणार? केस मागे बांधा, कपाळ, गालफडं, जबडा आणि केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी मोजा. पट्टी सरळ धरून, टेप गालावरून वळवून नाही. लांबी रुंदी जवळपास सारखी आली तर गोल. लांबी दीडपटीच्या आसपास गेली तर लंबगोल. गोल चेहऱ्याला केस हनुवटीच्या बरोबरीने कापले की गाल भरलेले दिसतात, थोडे खाली नेले की नजर खाली उतरते. हे रोज आरशात दाखवते मी गिऱ्हाइकांना.

गिरणाकाठचा भो (चाळीसगाव)
आमच्या न्हाव्याला हे तक्त्याशिवाय कळतं. माझी दाढी गालावर बारीक, हनुवटीवर जरा वाढवून ठेवतो. मला तोंड आहे हे लग्नाच्या अल्बमात पहिल्यांदा समजलं.

सराफ गल्ली (जळगाव)
‘गळ्यालगत दागिना नको’ हे वाचून हसू आलं. बायका आखूड मंगळसूत्र घेतात ते चेहरा बघून का? 2025 मध्ये तोळा लाखाच्या वर गेला. लांब मंगळसूत्राचं वजन बघा आणि मग आकार शिकवा.

कात्री-कंगवा (धुळे)
म्हणून काय गळ्याला फास लावायचा? काळ्या पोतीत छोट्या वाट्या ओवून लांब करता येतं. सोनं तेवढंच लागतं.

सराफ गल्ली (जळगाव)
पोत तुटली की वाट्या गटारीत. मग रडत आमच्याकडेच.

मांडेवाली मावशी (अमळनेर)
लांब घालून मी फिरायला गेले होते. मोटारसायकलवरच्या पोराने मागून ओढलं, मानेवर वळ पंधरा दिवस. तेव्हापासून आखूड, तेही पदराखाली. माझं तोंड लांब की चौकोनी ते त्या पोरालाही ठाऊक नसेल.

सराफ गल्ली (जळगाव)
घ्या. आता बोला.

कात्री-कंगवा (धुळे)
चोराचा दोष माझ्या तक्त्यावर का? तुम्हाला सोनं विकायचंय एवढंच.

सराफ गल्ली (जळगाव)
आणि तुम्हाला केस कापायचेत! उन्हाळ्यात आमच्या जळगावच्या पोरी डोळे सोडून सगळं रुमालात गुंडाळून गाडी चालवतात. कुठला आकार आणि काय.

गिरणाकाठचा भो (चाळीसगाव)
जाऊ द्या भो. भांडण चष्म्याचं होतं.

कात्री-कंगवा (धुळे)
बरं, ‘घालू नये’ हे शब्द चुकले. आकार बघून फक्त रेषा कुठे न्यायची ते ठरतं, मनाई कशाचीच नाही. नंबर आणि नाकाचं चष्मेवाल्यालाच विचारा, तेवढं मान्य. पण भुसावळच्या ताईंनी मोजलं की नाही ते अजून सांगितलं नाही.

तापीकाठची (भुसावळ)
मोजलं. मुलाच्या कंपासातली पट्टी पुरेना, म्हणून शिवणाची लाकडी पट्टी घेतली. मुलगा हसत होता. लांबी साडेअठरा, गालफडं तेरा सेंटिमीटर.

कात्री-कंगवा (धुळे)
साडेअठरा भागिले तेरा, एक पूर्णांक चार. तुम्ही गोल नाहीच हो ताई! लंबगोलाकडे झुकता.

तापीकाठची (भुसावळ)
माय वं! मग ते स्थळ गेलं ते कशापायी?

सराफ गल्ली (जळगाव)
हुंड्यात सोनं किती मागितलं होतं?

तापीकाठची (भुसावळ)
दहा तोळे.