मदत हवी आहे : ट्रान्सशिपरच्या बूम कन्व्हेयरचे रोलर

मुरगाव बंदरात बार्जमधून आलेले लोहखनिज मोठ्या जहाजात भरणाऱ्या आमच्या ट्रान्सशिपरवर बूम कन्व्हेयरचे (जहाजाकडे पुढे काढलेल्या लांब हातावरचा माल वाहणारा पट्टा; रुंदी १२०० मिमी, तीन रोलरचा ट्रफ म्हणजे पन्हळीसारखा आधार, बाजूचे रोलर ३५ अंशांत) वाहक रोलर खाऱ्या हवेमुळे आणि खनिजाच्या बारीक धुळीमुळे वारंवार जाम होतात, आणि न फिरणारा रोलर पट्टा कापत जातो, ही खरी काळजी आहे. मूळ उत्पादकाने हे मॉडेल बंद केले आहे. ६३०६ क्रमांकाची बेअरिंग बदलून पाहिली, लॅबिरिंथ सीलचे (वळणावळणाच्या फटीने धूळ-पाणी अडवणारे) स्थानिक रोलरही बसवले. तरी पाणी आत शिरलेच. बूमवर वजन वाढवता येत नाही, ब्रॅकेटला वेल्डिंगही नको. बदल पावसाळ्याच्या बंद काळातच शक्य आहे. अशा ठिकाणी कोणी एचडीपीई (टणक प्लास्टिकचे) रोलर वापरले असल्यास, ते धारदार खनिजाखाली किती टिकले आणि त्यांना कोणते सील होते?