हेगचा निकाल आणि जप्ती: केर्नला जमलं ते जाधव प्रकरणात का नाही?

शंकासुर: ब्रिटिश तेल कंपनी केर्नने 2021 मध्ये भारत सरकारच्या पॅरिसमधल्या वीसेक मालमत्ता फ्रेंच कोर्टाकडून गोठवून घेतल्या. तो निकालही हेगचाच. मग कुलभूषण जाधव (पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेला भारतीय) प्रकरणात पाकिस्तानवर अशी टाच का आणता येत नाही?

दरखास्तवाला: गाव एकच, पीठं वेगळी. केर्नचा होता लवादाचा निवाडा, भारत-ब्रिटन गुंतवणूक करारातून निघालेला. 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे असा निवाडा दीडशेहून जास्त देशांत तिथल्या कोर्टात दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावून वसूल करता येतो. त्यातही दूतावासाची इमारत आणि खाती वगळून.

जाधवचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा, आणि त्याच्या निकालासाठी असा करारच नाही. आहे ते यूएन सनदेचं कलम 94: निकाल पाळायचा, नाही पाळला तर दुसऱ्या पक्षाने सुरक्षा परिषदेकडे जायचं. परिषदेला गरज वाटली तर ती पावलं उचलेल. निकाराग्वाने 1986 मध्ये अमेरिकेविरुद्धच्या निकालासाठी हा रस्ता धरला. 11 मतं बाजूने, 3 तटस्थ आणि अमेरिकेचा व्हेटो! स्वतःच्याच वादात मत कसं दिलं? कारण पक्षकाराने मतदानापासून दूर राहायचं हे बंधन सहाव्या प्रकरणाखालच्या निर्णयांपुरतं आहे (आणि कलम 52(3)). कलम 94 येतं चौदाव्यात.

कलमबहाद्दर: मुळात 17 जुलै 2019 चा निकाल (15 विरुद्ध 1) नीट वाचा. सुटकेची मागणी फेटाळली आहे. मिळालं ते वकिलातीचा संपर्क (कैद्याला आपल्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू देणं), शिक्षेचा परिणामकारक फेरविचार आणि तोवर फाशीला स्थगिती. फेरविचार कसा करायचा हे पाकिस्तानवरच सोडलंय. त्यांनी 2020 मध्ये अध्यादेश काढला, 60 दिवसांत हायकोर्टात अर्ज करायची सोय दिली आणि गाडी अडली वकिलावर: भारताला आपला वकील हवा, ते म्हणतात स्थानिकच. 'परिणामकारक' कशाला म्हणायचं, खरी मेख तिथे आहे.

न्यायालयाच्या संविधीतल्या कलम 60 खाली निकालाचा अर्थ विचारता येतो, पण मेक्सिकोचा अनुभव वाईट आहे. अमेरिकेतल्या मेक्सिकन फाशीच्या कैद्यांबाबतच्या निकालावर त्यांचा तसा अर्ज प्रलंबित असताना, स्थगितीचा अंतरिम आदेश असूनही, टेक्सासने ऑगस्ट 2008 मध्ये त्यातल्या एकाला मृत्युदंड दिलाच. अमेरिकी सुप्रीम कोर्टाचं म्हणणं, काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) कायदा केल्याशिवाय हा निकाल आमच्या कोर्टांवर बंधनकारक नाही.

हिशेबनीस: पैशाचे निकाल त्यामानाने सुटसुटीत. 2022 च्या काँगो-युगांडा निकालात युगांडाने काँगोला द्यायची 32.5 कोटी डॉलर भरपाई, 6.5 कोटींचे पाच वार्षिक हप्ते, हप्ता चुकला तर 6 टक्के व्याज, असं न्यायालयानेच बांधून दिलं. युगांडाने पहिला हप्ता त्याच वर्षी भरला.