चौकडीचं मागचं चाक खांबाला का घासतं?

चौकडी म्हणजे चार घोड्यांची गाडी, दोन पुढे, दोन मागे; आणि मॅरेथॉन म्हणजे गाडी हाकण्याच्या स्पर्धेतली खांबांच्या अडथळ्यांची फेरी. त्या अडथळ्यात मागचं चाक खांबाला घासलं, की काही जण दोष रुंद गाडीला देतात. मला ते पटत नाही. मॅरेथॉनची गाडी 125 सेंमी रुंदीचीही चालते. चूक बहुधा पुढच्या जोडीच्या ओढीत असते. वळताना पुढचे घोडे जोतं (ओढीचे पट्टे) ताणून ओढत राहिले, तर गाडीच्या दांडीचं टोक आतल्या बाजूला खेचलं जातं, मागची जोडी वळण कापते आणि चाक खांबावर जातं. म्हणून वळणाआधी पुढच्या जोडीची ओढ सैल करायची, आतल्या लगामाची छोटी घडी अंगठ्याखाली दाबायची आणि मागच्या जोडीला क्षणभर बाहेर धरायचं. मागे उभ्या साथीदाराने त्याच वेळी आत झुकून तोल सांभाळायचा. अडथळ्यातल्या प्रत्येक सेकंदाला 0.25 दंडगुण पडतात, त्यामुळे वेगाचा मोह होतोच. पण अडकलेली गाडी मागे घेण्यात वीस सेकंद गेले, की पाच गुण गेले!

1972 साली जर्मनीतल्या म्युन्स्टरला या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीही चौकडीचीच. एका घोड्याच्या गाडीमुळे खेळ पसरला असं म्हणतात, ते मात्र खरं: घोडे, साज, वाहतूक, सगळाच खर्च आवाक्यात येतो.