लाईट जाणाऱ्या गावात लिनक्सवर हायबरनेशन बंद का ठेवायचं?

कृष्णाकाठ (सांगली):
उबंटूने (लिनक्सचाच एक प्रकार) 2012 साली, 12.04 आवृत्तीत, हायबरनेट मेनूतून काढलं. कारण काय, तर सगळ्या मशिनवर ते भरवशानं चालत नाही. मान्य. पण त्याचा भुर्दंड कुणाला? मार्केट यार्डाजवळच्या आमच्या ऑफिसात डेस्कटॉप आहेत आणि इन्व्हर्टर फक्त दिवे-पंख्यांना. जेवायला उठताना पोरं मशिन सस्पेंड करतात. सस्पेंडमध्ये सगळं रॅममध्येच राहतं आणि रॅमला वीज लागते. लाईट गेली की उघड्या शीट, अर्धवट बिलं, सगळं साफ. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवरच्या स्वॅप नावाच्या राखीव जागेत उतरतो आणि मशिन पूर्ण बंद होतं. मग दोन दिवस लाईट नसली तरी बिघडत नाही. पावसाळ्यातली सांगली ज्यांनी बघितली आहे त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. लिनक्स बसवून देणाऱ्यानं हायबरनेशन चालू करूनच मशिन गिऱ्हाइकाच्या हातात द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोवईनाका (सातारा):
अजिबात पटलं नाही. जुन्या लॅपटॉपवर मिंट (हेही एक लिनक्सच) बसवून देणं हा माझा रोजचा धंदा आहे आणि हायबरनेशन मी मुद्दाम बंद ठेवतो. कित्येकांच्या मशिनवर जोडीला विंडोजही असतं. लिनक्स हायबरनेट करायचं, विंडोजमध्ये जाऊन सामाईक डेटा पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) फाइली लिहायच्या आणि परत लिनक्स उठवायचं, असं लोक करतात. उठलेल्या लिनक्सच्या लेखी डिस्क जशी सोडली तशीच असते. ते जुन्या हिशोबानंच पुढे लिहीत सुटतं. एका शिक्षकांचं पार्टिशन असंच खराब झालं, पोरांच्या गुणांच्या याद्या त्यातच होत्या. त्यापेक्षा काम सेव्ह करा, शट डाउन करा. एसएसडी टाकली असेल तर मशिन सुरू व्हायला वेळ तो किती लागतो?

मिरजजंक्शन:
दादा, तुमचं दोघांचं भांडण डेस्कटॉप आणि ड्युअल बूटवर (एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स). लोकांची खरी तक्रार वेगळीच असते: झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला, एसटीतून उतरेपर्यंत तो तापला आणि बॅटरी खलास. आधी हे बघा. सिस-पॉवर फोल्डरात मेम-स्लीप नावाची फाइल असते. ती टर्मिनलमध्ये कॅट कमांडने उघडली की ‘एसटूआयडल [डीप]’ असं काहीतरी दिसतं. कंस ज्याच्याभोवती, ती झोप चालू. कंस एसटूआयडलभोवती असेल तर ती हलकी झोप, डीपसारखी रॅम सोडून बाकी सगळ्याची वीज त्यात तुटत नाही. एखादं उपकरण नीट झोपलं नाही की प्रोसेसर खोल जातच नाही आणि बॅटरी गळत राहते. डीप उपलब्ध असेल तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बूट ओळीत, म्हणजे मशिन सुरू होताना त्याला मिळणाऱ्या सूचनांत, मेम-स्लीप-डीफॉल्ट, मग बरोबरचं चिन्ह, मग डीप असं लिहा. काही लॅपटॉपच्या बायॉसमध्ये (मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) स्लीप स्टेटला ‘लिनक्स’ असा पर्याय असतो, तोही बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मात्र डीप ठेवलेलंच नाही. तिथं हायबरनेट हाच खात्रीचा मार्ग, म्हणून मी कृष्णाकाठ यांच्या बाजूचा.

लॅपटॉप आपोआप जागा होत असेल तर प्रॉक-एसीपीआय मधली वेकअप फाइल बघा. माउसला हात लागला की मशिन उठतं, त्यात एक्सएचसी म्हणजे यूएसबीचा कंट्रोलर ‘एनेबल्ड’ सापडतो.

पोवईनाका (सातारा):
हे सगळं तुम्ही करणार. गिऱ्हाईक कॉलेजातली मुलगी असेल तर ती करणार का? आणि हायबरनेट म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. रॅम 8 जीबी आणि स्वॅप फाइल 2 जीबी असली की भरलेली रॅम त्यात मावत नाही. स्वॅप फाइल वाढवा, ती ज्या पार्टिशनवर आहे त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि फाइलची सुरुवात कुठं आहे तो ऑफसेट बूट ओळीत लिहा, इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल) नव्यानं बनवा. पुढे कुणी स्वॅप फाइल पुसून नवी केली की ऑफसेट बदलला. मशिन साधं बूट होतं आणि उघडं काम गेलेलं असतं. वर सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर उबंटूचा कर्नल हायबरनेट करूच देत नाही.

कृष्णाकाठ (सांगली):
म्हणूनच तर बसवतानाच करून द्या म्हणतो! स्वॅपचं स्वतंत्र पार्टिशन ठेवलं, रॅमपेक्षा थोडं मोठं, की ऑफसेटची भानगडच राहत नाही. झीरॅम (दाबून साठवणारा स्वॅप) ठेवायचा तर ठेवा, पण तो रॅममध्येच असतो, हायबरनेटला उपयोग नाही. ज्या मशिनवर विंडोज आहे तिथं बंद ठेवा, माझी हरकत नाही. पण एकट्या लिनक्सच्या मशिनला तीच शिक्षा कशाला? शट डाउन करा म्हणता, पण उघड्या बारा खिडक्या, टर्मिनल, चालू हिशोब परत मांडायला अर्धी सकाळ जाते. लाईट जाण्याची वेळ आपण ठरवत नाही.

पोवईनाका (सातारा):
एकट्या लिनक्सच्या डेस्कटॉपपुरतं मान्य, देतो करून. पण स्वॅप एनक्रिप्ट केल्याशिवाय, म्हणजे कुलूपबंद केल्याशिवाय नाही. रॅममधले पासवर्ड, बँकेची उघडी पानं, सगळं त्या डिस्कवर उतरतं, आणि तीच डिस्क उद्या दुरुस्तीला माझ्यासारख्याच्या टेबलावर येते. दर वेळी पासफ्रेज (लांब पासवर्ड) टाकायची तुमच्या पोरांची तयारी आहे का, ते आधी विचारा.

मिरजजंक्शन:
पासफ्रेज टाकतील हो, एटीएमचा पिन टाकतातच की. करून दिल्यावर लगेच मशिन पोत्यात भरू नका मात्र. ब्राउझर, शीट सगळं उघडं ठेवून हायबरनेट करा आणि उठवून बघा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर उठल्यावर पडदा काळा राहतो का ते खास बघा. त्यांच्या ड्रायव्हरला व्हिडिओ मेमरी जपून ठेवायची सेटिंग आणि झोपेच्या सर्व्हिसेस काही वेळा वेगळ्या चालू कराव्या लागतात. तरी अडकलं तर जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडला मागच्या बूटचा लॉग मागा आणि शेवटच्या ओळी इथं टाका, बघू.