‘दमट हिवाळा’ हा शब्दप्रयोग चालेल का?

पाचपाखाडी: ग्लासगोला राहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एका माहितीपुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. विषय असा की तिथला लांबलचक, ओला, अंधारा हिवाळा कसा काढायचा. पहिल्याच वाक्यात ‘दमट हिवाळा’ लिहिलं, तर मुद्रितं तपासणाऱ्यांनी शब्दाखाली रेघ ओढून शेरा मारला, ‘दमट म्हणजे गरम. हिवाळा दमट नसतो.’ त्यांनी सुचवलेला शब्द ‘आर्द्र’. तो बरोबर आहे, पण हवामान खात्याच्या पत्रकातला वाटतो. दुसरी अडचण ‘ड्रीख’ या स्कॉटिश शब्दाची (ख घशातून). करडं आभाळ, बारीक पाऊस, बोचरा ओला गारठा आणि तो संपतच नाही, हे सगळं त्या एका शब्दात येतं. मराठीत काय म्हणावं?

सीवूड्स सेक्टर ४८: शेरा अगदीच चुकीचा नाही. शाळेच्या भूगोलात कोकणचं हवामान ‘उष्ण व दमट’ असं शिकवलं जातं. ती जोडी इतकी घट्ट बसली आहे की ‘दमट’ ऐकताच चिकचिक आणि घाम आठवतो. कोशातला अर्थ नुसता ‘ओलसर’ असेल, वाचकाच्या मनातला तसा नाही. ‘ओला हिवाळा’ लिहा आणि पुढे चला.

कोपरी पूर्व: ‘ओला हिवाळा’ मात्र फार ढोबळ होतं. त्यापेक्षा ‘सर्द’ घ्या. मूळ फारसीत सर्द म्हणजे थंड, हिंदी-उर्दूतही थंडच. मराठीने तो शब्द घेतला आणि त्यात ओल मिसळली. सर्द भिंत, सर्द जमीन, सर्द हवा म्हणताना गार आणि ओलसर दोन्ही अभिप्रेत असतं. नेमका हाच अर्थ हवा असताना तो वापरायचा नाही, याला काय म्हणावं? ड्रीखसाठी ‘कुंद’. हाही फारसीच. तिथे कुंद म्हणजे बोथट, मंद. आपल्याकडे कुंद हवा म्हणजे आभाळ भरलेलं, वारा पडलेला, उजेड मेलेला.

नौपाडा: दोन्ही शब्द फारसी. मराठीत आर्द्र आहे, शीत आहे, अभ्र आहे, तरी उसनवारी कशासाठी? आर्द्र शब्द पुस्तकी वाटतो म्हणता, पण तो स्वयंपाकघरात रोज हाताळला जातो. संस्कृत ‘आर्द्रक’वरून आपलं ‘आलं’ आलं. आर्द्रा नक्षत्र शेतकऱ्याला पाठ असतं; २१-२२ जूनला सूर्य त्यात जातो आणि पेरणीचा हिशेब मांडला जातो. ‘आर्द्र शीतकाळ’ लिहा, वाचक शिकतील.

कोपरी पूर्व: आल्याचा मुद्दा मान्य, पण तो तुमच्याच विरुद्ध जातो. लोकांनी आर्द्रकचं आलं केलं, म्हणजे झिजवून आपलंसं केलं. सर्द आणि कुंदचंही तेच झालं आहे. माधवराव पटवर्धनांनी (कवी माधव जूलियन) १९२५ साली अख्खा फारसी-मराठी कोश केला, इतके हे शब्द घरचे आहेत.

घणसोली: सर्दवर एक व्यावहारिक आक्षेप. आज विशी-तिशीतल्या वाचकाला ‘सर्द’ फक्त ‘ऐकून सर्द झालो’ यातच भेटतो, म्हणजे थक्क होणं. पुस्तिका त्याच वयाची माणसं वाचणार. ‘सर्द हिवाळा’ हे त्यांना ‘थक्क करणारा हिवाळा’ वाटेल.

येऊर पायथा: शब्दाची निवड इथे शोभेची बाब नाही, तिच्यावरून वाचक घरात काय करील ते ठरणार आहे, म्हणून आकडे देतो. जुलैत ठाण्यात २८ अंशांवर ८५ टक्के आर्द्रता असेल तर दर घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी असतं. खिडकी उघडली की तेच पाणी घरात येतं. म्हणून ‘दमट’ शब्दाबरोबर आपला उपाय ठरलेला आहे. दारंखिडक्या लावा, पंखा सोडा.

ग्लासगोत डिसेंबरात बाहेर ५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरा. टक्केवारी इथल्यापेक्षा जास्त, पण पाणी दर घनमीटर फक्त ६ ग्रॅम, कारण गार हवेत वाफ मावतच नाही. हीच हवा घरात येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांवर उतरते. म्हणजे बाहेर पाऊस पडत असतानाही खिडकी उघडल्याने घर कोरडं होतं. समोरासमोरच्या खिडक्या ५ ते १० मिनिटं सताड उघडायच्या आणि बंद करायच्या, सकाळी एकदा, रात्री एकदा. एवढ्यात हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. खिडकी दिवसभर बोटभर किलकिली ठेवली तर तिच्याभोवतालची भिंत गार पडते आणि बुरशी तिथेच धरते.

तुम्ही ‘दमट’ लिहिलंत तर ठाण्याहून गेलेला माणूस सवयीने खिडक्या गच्च लावून बसेल. तेव्हा शेरा मारणाऱ्यांचं कारण चुकलं असेल, निष्कर्ष बरोबर आहे.

पाचपाखाडी: हे फार मोलाचं. पुस्तिकेत पुढे ‘डॅम्प’ हा एकच इंग्रजी शब्द पानापानावर येतो. सगळीकडे ‘ओल’ करत गेलं तर चालेल?

सीवूड्स सेक्टर ४८: नाही, इथे इंग्रजीपेक्षा मराठी जास्त नेमकी आहे, तिचा फायदा घ्या. त्या एका शब्दात तीन वेगळ्या तक्रारी दडल्या आहेत.

पहिली, भिंतीला घाम येणं. घरातलीच वाफ गार भिंतीवर पाणी होऊन बसते. खोली २० अंश आणि ६० टक्के असेल तर १२ अंशांच्या खाली गेलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरतं: काच, बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची जागा. खूण म्हणजे काळे ठिपके. दुसरी, झिरपा. छताची कौलं, पन्हळ किंवा खिडकीची चौकट फुटली की बाहेरचं पाणी आत येतं. पाऊस पडून गेल्यावर गडद होणारा डाग ही त्याची ओळख. तिसरी, जमिनीतून ओल चढणं. तळमजल्यावर भिंतीच्या खालच्या मीटरभर भागात आडवी रेघ दिसते आणि वर पांढरा क्षार फुटतो. त्याला आपल्याकडे ‘लोणा लागला’ म्हणतात.

उपाय तिन्हींचे निराळे. घामाला वाफ कमी करणं आणि हवा बदलणं. झिरप्याला आणि लोण्याला दुरुस्ती, आणि भाड्याचं घर असेल तर ती घरमालकाला लेखी कळवायची, फोटो आणि तारखेसह. सगळीकडे ‘ओल’ लिहिलं तर भाडेकरू झिरप्यावर खिडक्या उघडत बसेल.

ऐरोलीतला वऱ्हाडी: ‘लोणा’ कितीतरी दिवसांनी वाचला. ड्रीखसाठी मात्र कोणी ‘झड’ कसा नाही सुचवला? विदर्भात सतत दोन-तीन दिवस न उघडणाऱ्या पावसाला झड लागली म्हणतात. आभाळ झाकलेलं, हवेत गारवा, सूर्य नाही. आणि ड्रीखचा जुना अर्थच मुळी ‘लांबलेलं, कंटाळवाणं’ असा आहे. हवामानाला तो नंतर चिकटला. झडीत तो लांबलेपणा आहे, कुंदमध्ये नाही.

नौपाडा: ठाण्यात झड म्हणजे वाऱ्याने खिडकीतून तिरपा आत येणारा पाऊस. ‘झड येतेय, काच ओढ.’ इथला वाचक ‘झडीचा हिवाळा’ वाचून खिडकीच लावून घेईल, आणि वर येऊर पायथा यांनी सांगितलं त्याच्या उलट होईल.

ऐरोलीतला वऱ्हाडी: मग ठाण्याचा अर्थ प्रमाण आणि विदर्भाचा बोली, हे कोणी ठरवलं? पुस्तिका सगळ्या मराठी माणसांसाठी आहे. ‘झड लागणे’ आणि ‘झड येणे’ अशी क्रियापदं वेगळी आहेत, गोंधळ व्हायचं कारण नाही.

कोपरी पूर्व: झडीत पाऊस चांगला दणकून असतो. ग्लासगोचा तसा नाही. तिथे वर्षाकाठी साधारण १२०० मिलिमीटर पडतो, आणि मुंबई-ठाणे पट्ट्यात नुसत्या चार महिन्यांत २००० च्या वर. तिथला पाऊस थोडा पण सतरा वेळा, त्याला ‘रिपरिप’ किंवा ‘भुरभुर’ जवळचे. खरा त्रास अंधाराचा आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथे दिवस सुमारे ७ तासांचा असतो, पावणेचारला सूर्य मावळतो. ठाण्यात त्याच दिवशी ११ तास उजेड असतो. म्हणून शब्द उजेडाकडून शोधावा: मळभ, झाकोळ, कुंद. मळभमध्ये ‘मळ’ आणि ‘अभ्र’ दोन्ही ऐकू येतात. अभ्रचं प्राकृतात अब्भ झालं, त्यातूनच आभाळ निघालं.

घणसोली: मळभ येतं आणि जातं. ‘मळभ दूर झालं’ हा वाक्प्रचारच तसा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी न हटणाऱ्या आभाळाला मळभ म्हणवत नाही.

उजेडाचा विषय निघालाच आहे तर अंधाराचा मनावर होणारा परिणाम सांगणाऱ्या प्रकरणाच्या शीर्षकाबद्दल. ‘हिवाळी नैराश्य’ आणि ‘मरगळ’ हे एकमेकांच्या जागी वापरू नका. मरगळ म्हणजे अंग जड, झोप सरत नाही, कामात मन नाही. तिच्यावर उजेड आणि हालचाल हा उपाय. नैराश्य हा आजार आहे. दर हिवाळ्यात परतणाऱ्या प्रकाराचं वर्णन १९८४ साली मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त मन खचलेलं असेल, खाण्या-झोपण्याचं तंत्र बिघडलं असेल, तर डॉक्टरकडे जायला सांगणारं वाक्य ठळक हवं. दोन्हींना ‘उदासी’ म्हटलंत तर आजारी माणूस फिरायला जाऊन बरं वाटायची वाट बघत बसेल.

उजेडाची पेटी, म्हणजे उपचारासाठीचा प्रखर दिवा, वापरायची तर १०,००० लक्सची (लक्स हे उजेडाचं माप), अतिनील किरण गाळणारी. उठल्यावर तासाभरात २० ते ३० मिनिटं, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर, थोडी बाजूला ठेवून. तिच्याकडे टक लावायचं नाही. संध्याकाळी वापरली तर झोप उडते. डोळ्याच्या पडद्याचा विकार किंवा द्विध्रुवी (बायपोलर) विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पेटी नसेल तर दुपारी बाराच्या सुमारास अर्धा तास बाहेर चाला. ढगाळ दिवशीही बाहेर हजारावर लक्स मिळतात, घरातल्या दिव्याखाली दोनशे-तीनशेच. ‘ऊन नाही तर बाहेर जाऊन काय करायचं’ हा आपल्याकडचा समज तिथे नडतो. ड जीवनसत्त्व रोज १० मायक्रोग्रॅम. ब्रिटनमध्ये हा सल्ला सगळ्यांना हिवाळ्यापुरता आहे, सावळ्या त्वचेच्या लोकांना वर्षभर.

येऊर पायथा: कपड्यांच्या प्रकरणात ‘रेनकोट’ लिहिलं असेल तर तेही बदला. इथला रेनकोट म्हणजे प्लास्टिक. तो बाहेरचं पाणी अडवतो आणि घामही आतच ठेवतो. २८ अंशांत नुसतं चिकचिकतं, ५ अंशांत तोच घाम गार होऊन हीव भरतं. ‘वाफ बाहेर सोडणारं जलरोधक जॅकेट’ असं लांबलचक लिहावं लागलं तरी लिहा. आत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर, अंगाला सुती बनियन नको, कारण सूत पाणी धरून ठेवतं. जॅकेट धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घातला तर पाणी ओघळायचं थांबतं आणि कापड पाणी पिऊ लागतं. छत्री तिथल्या वाऱ्यात उलटते, टोपीचं जॅकेटच घ्या.

नौपाडा: ‘हीव’ हा शब्द तुम्ही सहज वापरलात, याचा आनंद वाटला. हिवाळा शब्दाच्या पोटात तोच आहे: हिमकाळ, हिवाळा. हीव बाहेर नसतं, अंगात भरतं. म्हणून तर हिवताप.

सीवूड्स सेक्टर ४८: कपडे वाळवण्याचं काय लिहिलंय? मराठी घरात हीच मोठी चूक होते. एक धुणं घरात वाळलं की दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. धुणं खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर पसरलं तर वाफ झपाट्याने निघते आणि रात्री झोपायच्या खोलीच्या काचेवर उतरते. मशीनची पिळण्याची गती १२०० किंवा १४०० वर ठेवा, एकाच खोलीत दोरी बांधा, त्या खोलीचं दार बंद आणि धुणं वाळेपर्यंतच खिडकी थोडी उघडी. हवा कोरडी करणारं यंत्र घ्यायचं तर कॉम्प्रेसरवालं १५ अंशांच्या खाली नीट चालत नाही. गार खोलीसाठी डेसिकंट, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारं, घ्या. पातेल्यावर झाकण, कुकर आणि इडलीच्या वेळी एक्झॉस्ट चालू, आंघोळीनंतर तो आणखी १५ मिनिटं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच सेंटीमीटर पुढे. वीज वाचवायला हीटर पूर्ण बंद करू नका, १८ अंश तरी राहू द्या. भिंत गार पडली की पुन्हा घाम.

पाचपाखाडी: तुमच्या या यादीतल्या ‘कपडे’साठी मूळ इंग्रजीत एक वाक्य आहे की वाळलेले कपडेही कपाटात पुन्हा ओलसर होतात. त्याला ‘सादळतात’ केलं आहे. बरोबर ना? की सादळणं फक्त खाण्याच्या जिनसांचं?

कोपरी पूर्व: पापड, काडेपेटी, मीठ. कपडा सादळत नाही, त्याला ओल लागते. कुबट वास येतो.

ऐरोलीतला वऱ्हाडी: काडेपेटी खाण्याची जिन्नस आहे का? जी वस्तू कोरडी असायला हवी आणि हवेने मऊ पडते, ती सादळते. कपाटातली चादरही सादळते, गादीही.

घणसोली: गादी सर्दावते.

कोपरी पूर्व: म्हणजे ‘सर्द’ चालतो तर.

नौपाडा: चादर सादळते हे मान्य. पण चादर अंगावर घेतली की गार लागते, त्या लागण्याला काय म्हणता, ते सांगा आधी.