फौज आणि फुटबॉल: एकाच वेळी दोन्ही जमतं का?

खडकीकर_मामा: भाचा १९ वर्षांचा, पुण्याच्या लीगमध्ये विंगला खेळतो. म्हणतो, अग्निवीर होतो आणि फौजेतूनच फुटबॉल खेळतो. माझं मत, जमणार नाही. अग्निपथची ४ वर्षं म्हणजे खेळाडू घडायची वर्षं. त्यानंतर चारातले तिघे घरी. कोरियाचा स्टार फुटबॉलपटू सोन ह्युंग-मिनसुद्धा २०१८च्या एशियाडचं सुवर्ण मिळालं म्हणून सक्तीच्या लष्करी सेवेतून सुटला, फक्त ३ आठवडे ट्रेनिंग केलं.

डावा_पाय: मामा, पुण्यात प्रो फुटबॉल उरलाय कुठे? पुणे एफसी २०१५ला आवरला, एफसी पुणे सिटी २०१९ला. बालेवाडीच्या स्टेडियमला घालून जायचो ती जर्सी आता गाडी पुसायला आहे. सर्व्हिसेसने, म्हणजे सैन्यदलांच्या संघाने, २०२४ला गोव्याला १-० हरवून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, नेली, ते कोण होते? फौजीच ना! आणि सोन अपवाद. बाकीच्यांसाठी कोरियन सैन्याचा सांगमू नावाचा संघ के लीगमध्येच, म्हणजे तिथल्या प्रो लीगमध्येच खेळतो. दीड वर्ष नोकरीही, लीगही.

खडकीकर_मामा: तिथे भरती सक्तीची आहे, म्हणून तशी सोय आहे. आपल्याकडे कोण कशाला करेल?

माजी_हवालदार: १७ वर्षं नोकरी केली, युनिटकडून स्टॉपर, म्हणजे बचावात मधोमध, खेळलो. सीओसाहेबांना, म्हणजे युनिटच्या प्रमुखांना, फुटबॉलचा नाद असेल तर मैदान, नसेल तर गार्ड ड्युटी. मधली दोन वर्षं अशा उंचीवर होतो की बॉल दिसला नाही. खंत नाही, पण त्याला करिअर म्हणू नका. सर्व्हिसेसच्या संघापर्यंत पोचतात ते मोजकेच. पोराला खेळायचंच असेल तर स्पोर्ट्स कोट्याचा रस्ता बघा. नीरज चोप्रा २०१६ला थेट नायब सुभेदार झाला, पण भाला आधी फेकला होता. आधी नाव, मग वर्दी.

डावा_पाय: आणि नाव होईपर्यंत खायचं काय, काका?

माजी_हवालदार: त्याचं उत्तर माझ्याकडे असतं तर मी कशाला भरती झालो असतो.

विंगरची_आई: दादा, घरचं भांडण इथेही आणलंस? अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना २१ हजार हातात येतात. गेल्या मोसमात लीगने त्याला एक किट आणि मॅचनंतरचा वडापाव दिला. फॉर्म मीच भरलाय. तुला एवढी काळजी आहे ना, मग उद्या पहाटे स्टॉपवॉच घेऊन ये. भरतीच्या १६०० मीटर धावण्याचा टायमिंग काढायचाय.

खडकीकर_मामा: किती वाजता?