ग्रनाडा: आईवडिलांसह दोन रात्रींचा मुक्काम, अलहाम्ब्राची तिकिटे आणि शाकाहारी जेवण यांबाबत सल्ला हवा आहे

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये, मी, पत्नी आणि माझे आईवडील असे चौघे स्पेनला जाणार आहोत. माद्रिद आणि सेव्हिया यांच्या मधे ग्रनाडासाठी दोन रात्री ठेवल्या आहेत. गुरुवारी दुपारी पोहोचून शनिवारी सकाळी निघायचे आहे, आणि रेल्वेची आरक्षणे झालेली असल्यामुळे तारखा पुढेमागे करता येणार नाहीत. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत आणि हा सगळा बेत मुख्यतः त्यांच्या इच्छेखातर आहे. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती अर्धा-पाऊण तास चालते, पण चढ आणि पायऱ्या तिला झेपत नाहीत. शिवाय ती अंडेही खात नाही. राहणे, खाणे आणि तिकिटे मिळून चौघांचा खर्च ४०० युरोंच्या आत बसवायचा आहे.

मुख्य अडचण अशी की, अलहाम्ब्राच्या, म्हणजे ग्रनाडाच्या टेकडीवरील मध्ययुगीन मुस्लिम राजवाड्यांच्या व किल्ल्याच्या संकुलाच्या, अधिकृत संकेतस्थळावर नासरीद (तिथल्या अखेरच्या मुस्लिम राजघराण्याच्या) राजवाड्यांसह असलेले दिवसाचे तिकीट आमच्या दोन्ही दिवशी संपलेले दिसते. अशा वेळी काय करावे? मुक्काम कोणत्या भागात करावा? आणि आईच्या जेवणाचे काय?

दख्खनची_वाट
माझे स्पष्ट मत असे आहे की, आईंचे गुडघे दुखत असतील तर ग्रनाडाऐवजी कोर्दोबाला जावे. ग्रनाडा डोंगरउतारावर वसलेले आहे, तर कोर्दोबाचा जुना भाग जवळजवळ सपाट आहे. तिथली मशीद आठव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या अब्द अल-रहमानने बांधायला घेतली आणि पुढची दोनशे वर्षे ती वाढत गेली. आत साडेआठशेहून अधिक खांब आहेत, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी आहेत, आणि हे सर्व एकाच पातळीवर असल्याने पायऱ्यांचा प्रश्नच येत नाही. इब्न रुश्द आणि मायमोनिडीस हे मध्ययुगीन तत्त्वज्ञ दोघेही त्याच शहरात जन्मले. इतिहासाच्या शिक्षकांना याहून अधिक काय हवे? सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळेत विनामूल्य प्रवेश असतो, तेव्हा बजेटचीही काळजी मिटते.

मृगधारा
मुक्कामाबाबत मी ठामपणे सांगेन की, अलहाम्ब्राच्या आवारातील पारादोरमध्येच राहावे. ते सरकारी हॉटेल सान फ्रान्सिस्कोच्या जुन्या मठात आहे. राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांना आधी याच मठात पुरले होते, आणि १५२१ मध्ये त्यांचे अवशेष खाली शहरातील राजेशाही प्रार्थनागृहात नेले. आम्ही तिथे उतरलो होतो. रात्री पर्यटक निघून गेल्यावर त्या बागांमधून फिरण्याचे सुख दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. आईंना चढ चढावाच लागणार नाही, कारण तुम्ही आधीच वर असाल. खोल्या लवकर भरतात, म्हणून आजच पाहा.

माद्रिदवासी
मृगधाराताई, पारादोर उत्तमच आहे, पण तिथे दोन खोल्या घेतल्या तर यांचे ४०० युरो पहिल्याच रात्री संपतील. त्या हॉटेलच्या गच्चीवर बाहेरच्यांनाही कॉफी घेता येते आणि समोर हेनेरालिफेच्या बागा दिसतात, तेवढे यांनी जरूर करावे.

काळाकातळ
तिकिटांबाबत एक कळकळीची सूचना. अधिकृत संकेतस्थळावर तिकीट नाही म्हणून एखाद्या मध्यस्थाच्या संकेतस्थळाकडे वळू नका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला अशाच एका मध्यस्थाने दुपटीहून अधिक दराने ‘अलहाम्ब्राचे संपूर्ण तिकीट’ म्हणून जे दिले, त्यात नासरीद राजवाडे नव्हतेच; फक्त बागा आणि किल्ला होता. दारावर हे कळले तेव्हा त्या मध्यस्थाचा फोनही कोणी उचलेना. तिकिटावर पर्यटकाचे नाव आणि पारपत्र क्रमांक असतो व प्रवेशद्वारावर मूळ पारपत्र मागतात, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाचे तिकीट घेऊनही उपयोग नाही.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. कोर्दोबाचा विचार आम्ही केला होता, पण स्पेनमधील शेवटचे मुस्लिम राज्य जिथे संपले, ते १४९२ चे ग्रनाडाच वडिलांना पाहायचे आहे. ते अनेक वर्षे वर्गात जे शिकवत आले, ते ठिकाण त्यांना डोळ्यांनी पाहायचे आहे. बजेटही ४०० युरोच आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

माद्रिदवासी
मी अनेक पाहुण्यांना तिथे नेत असतो, म्हणून जरा तपशिलाने लिहितो. अलहाम्ब्रा ही एक इमारत नसून सबिका टेकडीवरचे एक तटबंद शहर आहे. नासरीद राजवाडे, आल्काझाबा हा किल्ला, सम्राट पाचव्या चार्ल्सचा राजवाडा आणि तटाबाहेरची हेनेरालिफे ही उद्यानवाडी, असे त्याचे चार मुख्य भाग पडतात. तिकिटावर छापलेली वेळ ही फक्त नासरीद राजवाड्यांत शिरण्याची असते. तिथे अर्ध्या अर्ध्या तासाने ठरावीक लोक आत सोडतात, आणि उशीर झाला तर आत घेत नाहीत. उरलेले भाग त्याच दिवशी आपल्या सोयीने पाहता येतात. हेनेरालिफे वरच्या टोकाला आहे आणि नासरीद राजवाडे दुसऱ्या टोकाकडे. धडधाकट माणसाला हे अंतर चालायला १५-२० मिनिटे लागतात, तेव्हा आईंसाठी किमान दुप्पट वेळ धरा.

प्लाझा नुएवाहून कुएस्ता दे गोमेरेस या रस्त्याने चालत वर जाण्याचा सल्ला अनेक जण देतात. तुम्ही तो मुळीच ऐकू नका, कारण चढ फार खडा आहे. प्लाझा इसाबेल ला कातोलिकापासून सी३० किंवा सी३२ क्रमांकाची छोटी बस थेट वर नेते. आल्काझाबामधला तोर्रे दे ला वेला हा बुरूज आईंनी वगळावा, कारण त्याचा जिना अरुंद आहे. वडील आणि तुम्ही वर जाऊन या.

तिकिटांसाठी दोन मार्ग आहेत. रद्द झालेली तिकिटे अधिकृत संकेतस्थळावर अधूनमधून परत दिसतात, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ पाहत राहावे. दुसरा मार्ग म्हणजे ग्रनाडा कार्ड. त्यात अलहाम्ब्रा, कॅथेड्रल, राजेशाही प्रार्थनागृह आणि शहरातील बसप्रवास येतो, आणि साधे तिकीट संपले असतानाही ते कधी कधी मिळते. मात्र चौघांसाठी ते महाग पडेल.

उंबरठा
मी स्वतः कांदा-लसूण न खाणाऱ्या सासूबाईंना घेऊन दक्षिण स्पेन फिरले आहे, त्यामुळे जेवणाबद्दल लिहिते. ग्रनाडात पेयासोबत तापास, म्हणजे खाण्याच्या छोट्या ताटल्या, फुकट मिळतात हे सर्वत्र वाचायला मिळेल, पण त्या ताटलीत काय येईल हे स्वयंपाकघर ठरवते आणि बहुतेक वेळा त्यात डुकराचे मांस असते. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असे सांगितले तरी टूना मासा येऊ शकतो, कारण त्यांच्या लेखी मासा मांसात मोडत नाही. म्हणून मांस, मासा, अंडे या तिन्हींचा नकार वेगवेगळा सांगावा. वांग्याचे तळलेले काप उसाच्या काकवीसोबत देतात. ते आईंना नक्की आवडतील, फक्त वरच्या आवरणात अंडे नाही ना, हे विचारून घ्यावे. टोमॅटो चोळलेला पाव सकाळी सगळीकडे मिळतो. गार सूप म्हणून साल्मोरेखो मागवले, तर त्यावर उकडलेले अंडे आणि हॅम भुरभुरवलेले असते. काल्देरेरिया नुएवा या गल्लीत मोरोक्कन धाटणीची चहाघरे आहेत आणि आसपास फलाफेल मिळते.

आणखी एक गोष्ट अशी की, दुपारी चारनंतर बहुतेक स्वयंपाकघरे बंद होतात आणि रात्रीचे जेवण साडेआठच्या आधी मिळणे कठीण असते. आईंना त्या वेळा सोसणार नाहीत. स्वयंपाकघर असलेले छोटे घर भाड्याने घ्यावे आणि घरून तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट आणि भाजणी न्यावी. तूप नेऊ नका, कारण युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे.

मृगधारा
मी पुन्हा सांगते की, पारादोरच्या उपाहारगृहात शाकाहाराची चांगली व्यवस्था होते. आधी कळवले तर ते अंडेही टाळतात.

शिलालेख
वडील इतिहासाचे शिक्षक आहेत हे वाचून फार आनंद झाला, म्हणून काय पाहावे याबद्दल लिहितो. सिंहांच्या चौकात माणसे कारंज्याचे छायाचित्र काढून पुढे सरकतात. तसे न करता, वडिलांना एका बाजूला उभे राहून पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे पाहायला सांगा. १४ व्या शतकाच्या उत्तरार्धात पाचव्या मुहम्मदाने हा चौक बांधला. सभोवती १२४ सडपातळ खांब आहेत, मधे १२ सिंहांच्या पाठीवर तबक आहे, आणि चारही दिशांच्या दालनांतून आलेले बारीक पाट या तबकापाशी मिळतात. तबकाच्या कडेवर इब्न झमरक या दरबारी कवीची रचना कोरलेली आहे. त्यात पाणी आणि संगमरवर यांतले वाहते कोणते हे ओळखू येत नाही, अशी कल्पना आहे. हे पाणी दारो नदीवर सुमारे ६ किलोमीटर वरच्या बाजूला अडवून, केवळ उताराच्या जोरावर टेकडीवर आणलेले आहे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी लक्षपूर्वक पाहिली आहे, त्यांना ही युक्ती लगेच उमगेल.

कोमारेस मनोऱ्यातील राजदूतांच्या दालनात मान वर करून छत पाहावे. देवदाराच्या आठ हजारांहून अधिक तुकड्यांमधून ताऱ्यांचे सात थर रचलेले आहेत, आणि ते सात स्वर्गांचे प्रतीक मानतात. चार्ल्सच्या राजवाड्यावर मात्र वेळ घालवू नये. त्या सम्राटाने नाजूक गिलाव्याच्या महालांशेजारी हा दगडी ठोकळा उभा केला, हे मला आजही सहन होत नाही.

दख्खनची_वाट
शिलालेख यांच्याशी मी सहमत नाही. पेद्रो माचुकाने १५२७ मध्ये सुरू केलेला तो राजवाडा स्पेनमधील प्रबोधनकालीन वास्तुकलेचा एक श्रेष्ठ नमुना आहे. बाहेरून चौकोनी आणि आतून संपूर्ण गोल, दोन मजली स्तंभावलीचे अंगण इतरत्र सहज पाहायला मिळत नाही. दोष द्यायचा तर त्याच सम्राटाच्या परवानगीने कोर्दोबाच्या मशिदीच्या मध्यभागी जे कॅथेड्रल घुसवले गेले त्याला द्यावा, आणि तेही पाहण्यासाठी कोर्दोबालाच जावे. ग्रनाडाहून वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता येते, म्हणजे शुक्रवारी एका दिवसात जाऊन येता येईल.

शिलालेख
वास्तू श्रेष्ठ असेलही, परंतु जागा चुकीची आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला दोन दिवसांच्या मुक्कामातून चार तासांचा रेल्वेप्रवास करायला लावणे मला योग्य वाटत नाही.

माद्रिदवासी
वादाच्या ओघात एक उपयोगाची गोष्ट राहून जाते आहे. चार्ल्सच्या राजवाड्याचे अंगण आणि त्याच इमारतीतील अलहाम्ब्रा संग्रहालय पाहायला तिकीट लागत नाही. हरणांच्या चित्रांचा प्रसिद्ध नासरीद रांजण त्या संग्रहालयात आहे. १३४८ चा न्यायदरवाजाही विनातिकीट पाहता येतो.

काळाकातळ
आधी कोणी लिहिले असेल तरी पुन्हा लिहितो: मूळ पारपत्र सोबत ठेवावे, झेरॉक्स चालत नाही. आणि कॅथेड्रलजवळ काही बायका रोझमेरीची डहाळी हातात देतात आणि मग पैशांसाठी मागे लागतात. ती डहाळी घेऊच नका.

उंबरठा
मुक्कामाचे उत्तर अजून कोणी नीट दिलेले नाही. अल्बायसिनमध्ये, म्हणजे अलहाम्ब्रासमोरच्या टेकडीवरील जुन्या वस्तीत, घर घेऊ नका. तो भाग अतिशय देखणा आहे, पण गल्ल्या गोट्यांनी फरसबंद केलेल्या आहेत, बऱ्याच ठिकाणी टॅक्सी आत येत नाही आणि बॅगा ओढत चढ चढावा लागतो. प्लाझा इसाबेल ला कातोलिकाच्या आसपास किंवा रेयालेखोच्या खालच्या, सपाट भागात, लिफ्ट असलेले घर पाहा. ‘लिफ्ट आहे’ हे घरमालकाकडून लेखी घ्या, कारण जुन्या इमारतींत ती नसणे सामान्य आहे. तिथून राजेशाही प्रार्थनागृह आणि १४ व्या शतकातील व्यापाऱ्यांची सराय, म्हणजे कोर्राल देल कार्बोन, आई चालत पाहू शकतील. दारो नदीकाठचा रस्ताही फारसा चढाचा नाही, आणि पासेओ दे लोस त्रिस्तेसवर बाकावर बसूनच डोक्यावर अलहाम्ब्रा दिसतो. अलहाम्ब्रा समोर दिसतो त्या सान निकोलासच्या सज्जावर जायचे असेल, तर अल्बायसिनची बस घ्यावी.

गोदाकाठ
सर्वांचे सल्ले आईवडिलांना वाचून दाखवले आणि काल रात्री निर्णय घेतला. तारखा बदलणे, कोर्दोबाला जाणे, पारादोर आणि ग्रनाडा कार्ड हे चारही पर्याय आम्ही सोडले आहेत, आणि रद्द झालेल्या तिकिटांची वाट पाहत शेवटपर्यंत टांगणीला राहण्याचीही आमची तयारी नाही. हिवाळी वेळापत्रकात शुक्रवारी आणि शनिवारी रात्री नासरीद राजवाडे उघडे असतात आणि शुक्रवार रात्रीची चार तिकिटे शिल्लक होती, ती काढली. हेनेरालिफे, बागा आणि आल्काझाबा यांचे वेगळे दिवसाचे तिकीट त्याच शुक्रवारी सकाळसाठी मिळाले. दोन्ही मिळून खर्च संपूर्ण तिकिटापेक्षा थोडा अधिक झाला, पण बजेटमध्ये बसला. आईचे चालणे सकाळ आणि रात्र असे विभागले जाईल आणि मधल्या वेळात तिला घरी पाय पसरून विश्रांती घेता येईल, हा यातला मोठा लाभ आहे. रेयालेखोमध्ये लिफ्ट आणि स्वयंपाकघर असलेले घरही ठरवले आहे.

शिलालेख
रात्रीचा निर्णय मला पटलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. कोमारेसच्या छताचे बारकावे दिव्यांच्या प्रकाशात पुरेसे दिसत नाहीत आणि खिडक्यांमधून दिसणारे अल्बायसिन अंधारात हरवते. वडिलांसाठी निदान एक दिवसाचे तिकीट मिळते का, हे पाहत राहावे.

गोदाकाठ
तेही वडिलांना विचारले. एकट्याने पाहायचे नाही, असे ते म्हणाले.

माद्रिदवासी
मग छतासाठी छोटी दुर्बीण सोबत ठेवा. ग्रनाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि चौक उघडे आहेत, त्यामुळे नोव्हेंबरच्या रात्री आईंना लोकरीचे मोजे आणि कानटोपी लागेल. परतताना रांगेत उभे राहण्यापेक्षा टॅक्सी घ्या. खाली यायला फारसे पैसे पडत नाहीत.